जक्कय झाडावरून उतरल्यावर काय झाले, हे मुलांना दिसले पाहिजे

प्रश्न थोडक्यात असा: इंदुरातल्या एका मंडळीत (चर्चमध्ये) संडे स्कूल चालते. वीस-पंचवीस मुले, वय चार ते अकरा. उपासना हिंदीत होते, शाळाही हिंदी किंवा इंग्रजी माध्यमाची, पण निम्म्या मुलांच्या घरी मराठी बोलतात. हाताशी एक साधा लॅपटॉप, एक फोन आणि चित्रे काढणारी दोन कॉलेजची मुले आहेत. बायबलमधल्या गोष्टींची हिंदी-इंग्रजी कार्टून मुले आवडीने बघतात, पण संपल्यावर ‘काय शिकलात?’ विचारले की गोष्ट कुठलीही असो, उत्तर ठरलेले: ‘खोटं बोलू नये’, ‘आईबाबांचं ऐकावं’. मराठीत स्वतःचे व्हिडिओ करायचे तर कसे करावेत, की तयार हिंदी व्हिडिओलाच मराठी आवाज द्यावा?

पाठ केलेल्या त्या उत्तरांतच खरी अडचण दिसते. बहुतेक व्हिडिओंत गोष्ट संपते, मग निवेदक येतो आणि ‘तर मुलांनो…’ म्हणून बोध सांगतो. मूल तोपर्यंत उठलेले असते. पाच वर्षांच्या मुलाला गोष्टीतून सूत्र वेगळे काढता येत नाही. त्याच्याजवळ राहते ते डोळ्यांनी पाहिलेले: झाड, गर्दी, पैशांची थैली. म्हणून बोध निवेदकाच्या तोंडी न ठेवता पात्राच्या हातात ठेवावा लागतो. पात्र एक गोष्ट करू शकत होते, त्याने दुसरी केली, आणि ते ठरवतानाचे दोन-तीन सेकंद मुलाने पाहिले, एवढे जमले की अर्धे काम झाले. त्या सेकंदांना आपण ‘वळण’ म्हणू. स्क्रिप्ट लिहायच्या आधी कागदावर एका ओळीत वळण लिहा. ते लिहिता येत नसेल तर ती गोष्ट सध्या बाजूला ठेवा.

पहिल्या व्हिडिओसाठी जक्कयाची गोष्ट घ्या (लूक १९:१-१०): यरीहोतला एक श्रीमंत, ठेंगणा जकातदार येशूला बघायला झाडावर चढतो. पात्रे कमी, जागा दोनच, आणि वळण स्पष्ट आहे. मात्र याच गोष्टीत सगळ्यात जास्त घोळ होतो. अनेक व्हिडिओंत जक्कय झाडावर रडतो, ‘मी वाईट वागलो’ म्हणतो आणि मग येशू त्याच्या घरी जातो. शास्त्रात क्रम उलटा आहे. येशू आधी वर बघतो, नाव घेऊन हाक मारतो, आज तुझ्या घरी उतरायचे आहे म्हणतो. लोक कुरकुर करतात. त्यानंतर जक्कय उभा राहून अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत देण्याचे बोलतो. हा क्रम फिरवला की बोधही फिरतो: आधी चांगला वाग, मग देव तुझ्या घरी येईल. घरात ‘शहाण्यासारखा वागलास तरच’ हे सतत ऐकणाऱ्या मुलाला नेमके उलटे ऐकण्याची गरज असते. स्क्रिप्टमध्ये बाकी काहीही कापा, हा क्रम हलवू नका.

तीच काळजी उधळ्या पुत्राच्या दाखल्यात (लूक १५:११-३२). बापाकडून वाटा घेऊन तो उधळलेला धाकटा मुलगा घरी परतताना वाटेत एक वाक्य घोकत येतो: मला आपल्या एका मोलकऱ्यासारखे ठेवा. बाप धावत येतो आणि ते वाक्य पुरे व्हायच्या आतच चाकरांना झगा, अंगठी, जोडे आणायला सांगतो. मुलाचे अर्धवट राहिलेले वाक्य हेच तिथले वळण. व्हिडिओत ते सहसा पूर्ण बोलून घेतात, कारण आवाज देणाऱ्याला वाक्य मध्येच तोडणे चुकल्यासारखे वाटते. तोडाच. आणि घरीच राहून राबलेल्या थोरल्या भावाला वगळू नका. ‘मी तर सगळं ऐकतो, मग लाड त्याचे का?’ असे वाटणारी दोन-चार मुले प्रत्येक वर्गात असतात, आणि ती त्याचीच गोष्ट ऐकत असतात. दाखला त्याच्याशी उघडाच थांबतो, तो आत गेला का हे सांगितलेले नाही. तुम्हीही सांगू नका.

आता जक्कय सविस्तर. लांबी पावणेचार मिनिटे. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी वेगळा कट करणार असाल तर अडीच मिनिटे. मुलांसाठी मराठी निवेदन मिनिटाला ९० ते १०० शब्दांपुढे नेऊ नका, आणि निम्मा वेळ तरी कोणी बोलतच नसावे. म्हणजे पूर्ण स्क्रिप्ट एकशे नव्वद शब्दांच्या आत. पहिल्या खर्ड्यात हमखास पाचशे होतात. कागदाचे दोन रकाने करा, डावीकडे ‘काय दिसते’, उजवीकडे ‘काय ऐकू येते’. उजवीकडे जे डावीकडचेच पुन्हा सांगते ते खोडा. जक्कय झाडावर चढताना दिसत असेल तर ‘जक्कय झाडावर चढला’ म्हणायची गरज नाही.

पहिली ३० सेकंदे जकातीच्या टेबलाची. एक माणूस एक नाणे देतो, जक्कय बोटाने खूण करून आणखी एक मागतो. ते दुसरे नाणे जवळून दाखवा. हा प्रसंग शास्त्रात असा लिहिलेला नाही, तो आपण जोडतो आहोत, म्हणून तो एकाच माणसापुरता आणि बिनआवाजाचा ठेवा. शेवटी त्याच माणसाच्या तळहातावर चार नाणी पडताना दिसली पाहिजेत: एक, दोन, तीन, चार, प्रत्येकाचा वेगळा आवाज. चौपट हा शब्द चार वर्षांच्या मुलाला कळत नाही, पण ते नाणी मोजते. ‘अर्धी मालमत्ता’ही अशीच दाखवता येते. घरात पहिल्यापासून सहा पोती भिंतीशी उभी ठेवा. शेवटी तीन दारातून बाहेर जातात, तीन राहतात.

३० सेकंदांपासून सव्वा मिनिटापर्यंत गर्दी आणि झाड. मराठी बायबलमध्ये उंबर म्हटले आहे आणि ते चित्रासाठी सोयीचे आहे: मूळ झाड अंजिराच्याच कुळातले, आपल्या उंबरासारखीच खोडाला आणि जाड फांद्यांना लगडलेली फळे, फांद्या खालपासून फुटलेल्या, म्हणून ठेंगण्या माणसालाही चढता येणारे. इंदूरच्या मुलांनी उंबर पाहिलेला असतो, तेव्हा ताडासारखे सरळसोट झाड काढू नका. जक्कयाच्या उंचीवर विनोदही करू नका. वर्गात एक बुटके मूल असतेच आणि पुढचा महिनाभर त्याला सगळे जक्कय म्हणतील. गर्दीमुळे दिसत नाही, हे कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणून दाखवा: समोर फक्त पाठी आणि कोपर.

सव्वा मिनिटाला हाक. येशू झाडाखाली थांबतो, वर बघतो, आणि पूर्ण दोन सेकंद कोणी बोलत नाही. मग: ‘जक्कया, खाली ये बरं लवकर. आज मी तुझ्या घरी येणार आहे.’ एवढेच. त्यानंतर घर, पाणी, भाकरी, हसणे, आणि २:१५ ला खिडकीबाहेर कुजबुज.

२:३५ ला वळण. जक्कयाचा हात कमरेच्या थैलीवर आहे. तो थैलीकडे बघतो, येशूकडे बघतो, खिडकीतून त्या फसवलेल्या माणसाकडे बघतो. तीन सेकंद, संगीत पूर्ण बंद. हात थैलीवरून उठत नाही, थैलीसकट उठतो. इथे निवेदक एक शब्दही बोलणार नाही. नवख्या ॲनिमेटरला ही तीन सेकंदे रिकामी वाटतात आणि तो तिथे हात हलवतो, डोके डोलवतो, चमचमते तारे टाकतो. सगळे काढून टाका. डोळ्यांची दोनदा उघडझाप आणि नजरेच्या तीन जागा, पुरे.

चेहऱ्यांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगतो. फसवणारा, कुरकुरणारा, दरोडेखोर काळा आणि वाकड्या नाकाचा, येशू मात्र गोरा आणि निळ्या डोळ्यांचा, ही सवय मोडा. ती मुलांना रंगाबद्दल धडा देते, तोही न सांगता. या गोष्टींतले सगळे लोक गव्हाळ ते सावळ्या रंगात, येशूसकट, एकाच रंगपट्टीत काढा. पात्रे ओळखू यायला अंगरख्याचा रंग पुरतो. घरे दगडामातीची, सपाट धाब्याची. उतरत्या लाल कौलांनी गोष्ट युरोपात जाते. चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (दरोडेखोरांनी लुटलेल्या वाटसरूला एक परका माणूस मदत करतो ती) कराल तेव्हा यरुशलेम ते यरीहो ही वाट उताराची काढा. पंचवीस-तीस किलोमीटरांत ती साधारण हजार मीटर खाली जाते, म्हणूनच ती ओसाड, वळणांची आणि दबा धरायला सोयीची. महूपुढच्या जाम घाटातून नर्मदेकडे उतरलेल्या मुलांना अशी वाट लगेच कळते. चित्र काढणाऱ्या मुलांना तिथले फोटो संदर्भाला द्या, घाटाच्या कडा त्यांना आपोआप जमतील. फक्त यरीहोच्या वाटेवर हिरवळ नको.

चित्रे हलवायची कशी? दर सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरले तर सेकंदाला १२. पावणेचार मिनिटांना २,७०० चित्रे. हाताने काढणे दोघांच्या आवाक्यातले नाही, म्हणून कटआउट करा: सुट्या भागांची बाहुली. डोके, मान, धड, दोन्ही दंड, पुढचे हात, तळहात, मांड्या, पोटऱ्या, पावले, मिळून १५ भाग. त्या काळच्या माणसाला पायघोळ अंगरखा असतो, त्याचा फायदा घ्या: मांड्या-पोटऱ्यांऐवजी अंगरख्याचा घेर एकच भाग केला तर बाहुली १२ भागांवर येते आणि चालणे निम्मे सोपे होते. सांध्याची चूक सगळे करतात. दंड आणि पुढचा हात यांची टोके सारख्याच व्यासाच्या अर्धगोलात संपली पाहिजेत आणि फिरण्याचा बिंदू त्या गोलाच्या केंद्रावर हवा. तो कडेला गेला की कोपर वाकताना फट पडते किंवा हाताला फुगवटा येतो. आधी कोपर १२० अंश वाकवून बघा, मगच रंग भरा.

तोंडाचे सहा आकार पुरतात: मिटलेले (प, ब, म), उघडे (आ), ताणलेले (इ, ए), गोल (उ, ओ), खालचा ओठ दातांखाली (व, फ), जीभ दिसणारे (ल, ळ, त, न). प्रत्येक अक्षराला आकार बदलू नका, तोंड काही चघळत असल्यासारखे दिसते. ठळक स्वर आणि मिटलेले ओठ पकडा, बाकीचे सोडा. तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी हललेले चालते, उशिरा हललेले लगेच खटकते.

सॉफ्टवेअरवर पैसे घालू नका. चित्रांना क्रिता, बाहुलीला ओपनटूंझ किंवा सिनफिग, आवाजाला ऑडॅसिटी, जोडणीला शॉटकट, सगळे फुकट आहे आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर चालते. पार्श्वभूमी १९२०×१०८० पेक्षा दीडपट मोठी रंगवा, म्हणजे कॅमेरा सरकवता येतो. त्याहून मोठी केली तर लॅपटॉप रखडतो.

पण बाहुली करण्याआधी एक पायरी आहे, आणि घाईत नेमकी तीच गळते. स्टोरीबोर्डची, म्हणजे प्रसंगांच्या क्रमाने, २५-३० चित्रे पेन्सिलीने काढा, फोनने फोटो घ्या, ते नेमक्या वेळेवर लावून फोनमध्येच बोललेला कच्चा आवाज जोडा. हे झाले ॲनिमॅटिक. ते वर्गाबाहेरच्या तीन-चार मुलांना आवाज बंद करून दाखवा. विचारा, ‘ह्यानं काय केलं? का केलं?’ आवाजाशिवाय वळण कळले तर पुढे जा. न कळले तर चित्र बदला, निवेदन वाढवू नका. पेन्सिलीच्या पायरीवर बदल एका संध्याकाळचा असतो, ॲनिमेशन झाल्यावर तीन आठवड्यांचा. आठवड्याला आठ-दहा तास देणाऱ्या दोघांना पहिल्या व्हिडिओला दहा-बारा आठवडे लागतील असे धरा. नाताळला दाखवायचा असेल तर स्क्रिप्ट सप्टेंबरच्या सुरुवातीला तयार हवी.

भाषेचे बघू. हिंदी स्क्रिप्टवरून मराठी करू नका, ‘त्याला खुशी झाली’ आणि ‘तो नाराज होऊन गेला’ अशी वाक्ये शिरतात. गोष्ट मराठीतच एखाद्या आजीकडून तोंडी सांगून घ्या, रेकॉर्ड करा, त्यातली वाक्ये उचला. ‘जकातदार’सारखा शब्द बदलू नका. चित्रात टेबल आणि नाणी आहेत, अर्थ तिथून कळतो, आणि पुढे शास्त्र वाचताना तोच शब्द भेटतो. ‘पश्चात्ताप’, ‘तारण’ मात्र लहानांच्या व्हिडिओत नकोत, कारण त्यांचे चित्र काढता येत नाही.

आवाज हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षलेला भाग. चित्र थोडे कच्चे असले तरी मुले बघतात, घुमणाऱ्या आवाजाकडे पाच मिनिटांत पाठ फिरवतात. लहान खोली निवडा, बोलणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या किंवा रजया टांगा, पंखा बंद, फ्रिज बंद. इंदुरात सकाळी कचरागाडीचे गाणे गल्लीतून जाईपर्यंत सुरुवातच करू नका. दुपारी दोन ते चार ही वेळ बरी. फोन किंवा माइक तोंडापासून वीतभर, किंचित बाजूला. अगदी समोर धरला तर भ, फ, ध यांची फुंकर आत शिरते. पातळी शिखराला उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. सुरुवातीला खोलीची ३० सेकंदे शांतता रेकॉर्ड करून ठेवा, वाक्यांच्या मधल्या फटी तीच भरते. शुद्ध शांतता भरली तर प्रत्येक वाक्यानंतर आवाज तुटल्यासारखा वाटतो. मुलांचा आवाज घेताना कागद हातात देऊ नका, वाचल्याचा सूर लागतो. एक वाक्य सांगा, ‘आता तू तुझ्या मित्राला सांग’ म्हणा, तीन वेळा घ्या. दुसरी वेळ बहुधा चांगली निघते. संगीत बोलण्याच्या १५ ते २० डेसिबल खाली.

पडद्यावरच्या अक्षरांत दोन खोड्या निघतात. काही व्हिडिओ सॉफ्टवेअर देवनागरी नीट जोडत नाहीत: वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, ‘किनाऱ्यावर’मधला ऱ्य रफारासारखा वर चढतो. अक्षरे इंकस्केपमध्ये युनिकोडात टाइप करून चित्र म्हणून निर्यात करा आणि तेच चित्र व्हिडिओत लावा. ‘मुक्त’ (Mukta) किंवा ‘बलू’ (Baloo) हे फाँट मोकळ्या परवान्याचे आहेत आणि लहानांना वाचायला सोपे. दुसरी खोडी, मराठी वळणाचा देठाचा श आणि पाकळीचा ल. भाषा मराठी निवडली नाही तर बरेच फाँट हिंदी वळण देतात. इंदूरची मुले शाळेत ते वळण वाचतातच, म्हणून अडणार नाही, पण एका व्हिडिओत दोन्ही मिसळू देऊ नका.

वादळ शांत करण्याची गोष्ट (मार्क ४) कराल तेव्हा विजांची काळजी घ्या. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या लखलखाटाने ६०० हून अधिक जणांना, बहुतेक मुलांनाच, दवाखान्यात न्यावे लागले होते. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त लखलखाट नकोत. पूर्ण पडदा पांढरा करण्याऐवजी आभाळाचा एक कोपराच उजळवा. अंधाऱ्या खोलीत प्रोजेक्टरवर दाखवताना तर हे पाळलेच पाहिजे.

तयार हिंदी व्हिडिओला मराठी आवाज देण्याचे विचारले होते. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय ते करू नका, फुकट दाखवले तरी. परवानगी मिळाली तरी क्रमाची आणि निवेदकाच्या बोधाची चूक तशीच राहते, फक्त ती मराठीत ऐकू येते. शास्त्राच्या भाषांतराचेही बघा: हल्लीच्या मराठी आवृत्त्यांचे हक्क त्या-त्या संस्थांकडे आहेत, म्हणून लांब उतारे वाचण्याआधी विचारा किंवा गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगा. पंडिता रमाबाईंचे निधन १९२२ चे, त्यांचे बायबलचे भाषांतर आता मोकळे आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले. भारतात हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, म्हणून त्यांच्या गीतांचे शब्द तुम्ही बिनधास्त घ्या. पण कोणी गाऊन छापलेले रेकॉर्डिंग उचलू नका, त्याचा हक्क वेगळा असतो. पेटी आणि खंजिरीवर तुमच्याच मुलांकडून गाऊन घ्या, पहिले कडवे पुरे.

शेवटची फाइल एच.२६४, १०८०पी, ८ मेगाबिट प्रतिसेकंद ठेवली तर सव्वादोनशे एमबीच्या आसपास होते. पालकांना पाठवायला ७२०पी, २ मेगाबिटची वेगळी फाइल काढा, ५५-६० एमबी होईल, आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर अक्षरे पुसट होतात. यूट्यूबवर टाकताना ‘मुलांसाठी बनवलेले’ हे खरेच निवडा. जानेवारी २०२० पासून अशा व्हिडिओंवर व्यक्तिगत जाहिराती आणि कॉमेंट बंद असतात, म्हणून पालकांचे म्हणणे रविवारी समोरासमोरच विचारावे लागेल. वर्गात मात्र यूट्यूबवरून दाखवू नका. मध्ये जाहिरात येते, आणि संपल्यावर पुढे काय लागेल ते आपल्या हातात नसते. स्पीकर ब्लूटूथवर असेल तर आवाज ओठांच्या मागे पडतो, साधी वायर लावा. मेच्या उजेडात प्रोजेक्टर फिका पडतो, खिडकीला जाड चादर हवी.

आणि दाखवताना २:३८ ला थांबवा, थैलीवर हात असतानाच. ‘आता हा काय करेल?’ एवढेच विचारा आणि मोठ्या मुलांना हात वर करू देण्याआधी लहानांकडे बघत थांबा, मनात दहा मोजा. कोणी म्हणेल पळून जाईल, कोणी म्हणेल पैसे लपवेल. चूक-बरोबर सांगू नका, पुढे चालू करा. नाणी पडायला लागली की मुले स्वतःच मोजतात. संपल्यावर ‘काय शिकलात?’ ऐवजी विचारा, ‘त्या माणसानं एकच नाणं जास्तीचं दिलं होतं, मग ह्यानं चार का दिली?’